मामाने निवडलेला शालू

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, मधे हसलात की माझा चहा गार होतो. माझ्या हातून झालेला हा घोटाळा आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे आणि जो तो आपापलं तिखटमीठ लावून सांगतो. म्हणून म्हटलं, मूळ प्रत माझ्याकडूनच ऐका.

शीतल माझी भाची, मेढ्याजवळ राहणाऱ्या आमच्या आक्काची धाकटी. तिचं लग्न आटपाडीच्या मुलाशी ठरलं. साखरपुड्याला मी नव्हतो. एसटीत कंडक्टर माणूस मी, लग्नसराईत रजा मागितली की डेपोतले साहेब जणू त्यांची किडनी मागितल्यासारखे बघतात! त्यामुळे व्याह्यांपैकी एकाचंही तोंड मी पाहिलेलं नव्हतं. हे ध्यानात ठेवा.

साखरपुड्यात सासरकडची भरजरी साडी नेसून पोरीच्या मानेवर आणि दंडावर लाल पुरळ उठलं. चार दिवस कोरफड चोळत होती बिचारी. म्हणून बस्त्याच्या आदल्या आठवड्यात तिचा फोन आला.

"मामा, शालू मऊ रेशमाचा घ्यायला लावा. ती जर लय टोचती मला. आई काय बोलायची न्हाई, आन मी सासूबाईंपुढं कसं बोलू? तुमीच बोला."

आता सांगा, मामाला याहून मोठा मान कोणता? बस्ता म्हणजे दोन्हीकडची माणसं मिळून एकाच दुकानात लग्नाचे सगळे कपडे घेतात. नवरीचा शालू मुलाकडचे घेतात, म्हणजे पसंती त्यांची. तिथं मुलीच्या बाजूनं बोलायला खमका माणूस लागतो. तो मी! आरशासमोर दोन दिवस भाषणाची तयारी केली.

बस्ता कराडला होता. ड्युटी संपवून मी थेट तिथं, अर्धा तास उशिरा. दुकान दोन मजली, आणि लग्नाच्या दिवसांत तिथं पाय ठेवायला जागा नसते. दारातल्याच गादीवर वीस-पंचवीस माणसं बसलेली, पुढ्यात शालूंचा ढीग. मी विचारलं, आटपाडीचे पाहुणे का? ते म्हणाले, व्हय, या की, बसा. नवरी कुठं आहे म्हटलं, तर आईबरोबर शेजारी बांगड्या बघायला गेलीय. म्हणजे शीतल आणि आक्का. बाकी सगळे चेहरे अनोळखी, म्हणजे व्याह्यांकडचे. सगळं जुळलं की नाही? तुम्ही असता तरी बसलाच असता.

आपण कोण, असं एकानं विचारलं. "मी मामा," एवढंच म्हणालो आणि ऐसपैस मांडी घातली. लगेच एकीकडून चहा आला. तो संपेपर्यंत दुसरीकडूनही आला. काय माणसं मिळाली शीतलला, असं मनात म्हणत मी तोही प्यायलो.

मुलाच्या आईनं एक जाडजूड सोनेरी शालू बाजूला काढलेला होता. मी तो दंडावर घासून बघितला. अगदी किसणी! मग घसा साफ केला आणि सुरू झालो. शालू कपाटात ठेवायचा नसतो, अंगावर नेसायचा असतो. उन्हाळ्याचं लग्न, पाच तास पोरीनं उभं राहायचं, आतली जर टोचली तर हसू कुठून येणार चेहऱ्यावर? दुकानदाराला मऊ रेशमाचे शालू काढायला लावले. त्यातला एक मोरपंखी सगळ्यांच्या हातातून फिरवला. बायका माना डोलवायला लागल्या. मला चेव आला. नवरदेवाच्या शेरवानीचं कापडही मीच नापास केलं. एवढं जाड कापड घालून पोराला काय उकडून काढताय, असं म्हटल्यावर त्याच्या वडिलांनीसुद्धा ते बाजूला सारलं.

मधे आक्काचा तीनदा फोन आला. बांगड्यांचा रंग विचारत असेल म्हणून मी तीनदा कट केला. इतकं महत्त्वाचं काम चाललेलं असताना फोन काय करतात!

शेवटी मोरपंखी शालू ठरला. एक म्हातारी म्हणाली, मामांनी एवढा जीव तोडून निवडलाय, तर हळदकुंकूही त्यांच्याच हातून लागू दे. मी लावलं. डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या.

तेवढ्यात एक अनोळखी मुलगी आईबरोबर आत आली आणि थेट त्या शालूपाशी येऊन उभी राहिली. ही कोण, असं मी शेजारणीला हळूच विचारलं. ती म्हणाली, नवरी.

"मी सोनेरी जरीचा म्हणलं हुतं की," पोरीचा चेहरा उतरला. "ह्यो कुणी काढला?"

मुलाकडच्यांनी माझ्याकडे बोट केलं, "तुमच्या मामांनी." मुलीकडच्यांनीही माझ्याकडेच बोट केलं, "आमचं कुठलं? तुमचं मामा हायती ते."

आणि चौथ्यांदा फोन वाजला. "आरं, कुठं हायस तू?" आक्का म्हणत होती. "आमी वरच्या मजल्यावर हाय. शालू घिऊन बी झाला."

पुढचं काय सांगू? त्या दिवशी आटपाडीच्याच दोन लग्नांचा बस्ता त्या दुकानात होता. दोन्ही बाजूंच्या वीस-पंचवीस माणसांपुढे हात जोडले. आधी नवरीच हसली, मग सगळी गादी हसली. तिला तिचा सोनेरी शालू मिळाला. राहिला मोरपंखी. त्याला कुंकू लागलेलं, ते परत कसं ठेवणार? म्हातारी म्हणाली, तुम्हीच न्या, मालकिणीला होईल. घेतला. पंचवीस वर्षांच्या संसारात बायकोसाठी मी स्वतः निवडलेली ती पहिली साडी. तिला वाटलं, मला अचानक प्रेम आलं.

पिशवी काखेत मारून जिना चढताना मात्र मी दर पायरीला थांबत होतो. शीतलनं एक काम सांगितलं होतं, तेवढंही मला जमलं नाही. वर जाऊन बघतो तर तिच्या मांडीवर जांभळा, मऊ रेशमाचा शालू! पोर बराच वेळ जिन्याकडे बघत बसली होती म्हणे. जरीच्या शालूला हळदकुंकू लावायला ताट पुढं आलं, तेव्हा मात्र तिनं स्वतःच तोंड उघडलं आणि पुरळाचं सगळं सांगून टाकलं. सासूबाईंनी तिथंच दुसरे शालू मागवले आणि एकेक तिच्या मानेवर ठेवून टोचतं का विचारत बसल्या.

माझी खालची कीर्ती दुकानातल्या माणसानं माझ्याआधीच वर पोचवलेली होती. शीतल पदर तोंडाला लावून हसत होती. मी विहीणबाईंची माफी मागायला लागलो, तर त्यांनी मला थांबवलं.

"मामा, तुमी आला न्हाई, लय बरं झालं. तुमी असता तर पोरगी तुमच्या आडच बसली असती. आज माझ्यासंगं बोलली तरी."

माझे डोळे पुन्हा भरून आले, आणि या खेपेला माणसंही माझीच होती. विहीणबाईंनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढं सरकवला.

"लग्नाला मात्र नक्की या," त्या म्हणाल्या. "फकस्त मांडवात शिरायच्या आधी कमानीवरचं नाव तेवढं वाचा."