तुमचा दसरा

माझी सगळी नोकरी बसस्टँडवर माइकसमोर गेली. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली आणि कुठली किती उशिरा येणार, हे लोकांना सांगायचं आणि वर त्यांच्या शिव्या ऐकून घ्यायच्या. त्यामुळं ‘येतो’, ‘निघालोच’, ‘पाच मिनिटांत पोचतो’ या शब्दांवरचा माझा विश्वास फार लवकर उडाला. बायको म्हणते, उडाला कशाचा, तो तुमच्याकडं मुळातच कमी होता. असेल. पण जो काही उरला होता तो गेल्या वर्षी एका रंगवाल्यानं घालवला.

आमच्या देवघराच्या भिंतीला ओल होती. देवघर म्हणजे स्वयंपाकघराला लागून एक लहानशी खोली, दोन माणसं बसली की भरली. त्या रंगवाल्यानं नवरात्राच्या तोंडावर ओल्या भिंतीवरच लांबी भरली, वरून रंगाचे दोन हात मारले आणि आता दहा वर्षं इकडं बघायचं काम नाही म्हणून सांगितलं. भिंत दिसायला झकास झाली. पाचव्या माळेला दुपारी मी पेपर वाचत पडलो होतो, तर आतून धप्प आवाज आला. भाकरीएवढी खपली घटाशेजारी पडली होती आणि नऊ दिवस तेवत ठेवायचा दिवा विझला होता.

बायकोनं खपलीचा चुरा गोळा केला, दिवा पुन्हा लावला, देवीपुढं डोकं टेकलं आणि त्या विषयावर वर्षभर चकार शब्द काढला नाही. मधे तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, काठी आली, तरी नाही. यंदा गणपती बसले त्या दिवशी मात्र ती एकच वाक्य बोलली. “भिंत पक्की झाली तरच घट इथं बसवायचा, न्हायतर यंदा धाकट्या भाऊजींकडं बसू द्या.” पस्तीस वर्षं तिनं या घरात घट बसवला होता. ती हे किती जड जीवानं बोलली ते मला कळलं, आणि मी खात्रीचा रंगवाला शोधायच्या मागं लागलो.

माझी पद्धत सरळ होती. जो भेटेल त्याला मी म्हणायचो, तीन वर्षांपूर्वी केलेलं काम दाखवा. ताजी भिंत कुणीही दाखवतो. एकानं मोबाइलमधले फोटो दाखवले. दुसरा प्रामाणिक निघाला, म्हणाला तीन वर्षांपूर्वी तो सेंट्रिंगच्या कामावर होता. शेवटी मी ज्या गिरणीत दळण घेऊन जातो त्या गिरणीवाल्यानं एका चाचांचं नाव सुचवलं. काम कुठं बघायला मिळेल म्हणून विचारलं, तर तो म्हणाला की तुम्ही उभे आहात तीच भिंत. दिवसभर हादरे खाणारी, पिठानं माखलेली भिंत, पण कुठं पोपडा नाही. मी नखानं खरवडून पाहिलं, गिरणीवाल्यानं ते पाहिलं, आणि मी फोन लावला.

चाचा साठीच्या आसपासचे, जुन्या स्कूटरवर आले. चपला दाराबाहेर काढल्या. देवघराच्या उंबऱ्याशी थांबून त्यांनी खुर्चीत बसलेल्या बायकोला विचारलं, “भाबी, आत येऊ का?” ती या म्हणाली तेव्हाच आत गेले. हाताची उलटी बाजू त्यांनी भिंतीला चार ठिकाणी लावली, लेकराचा ताप बघतात तशी. मग मला म्हणाले, “पाणी खालनं न्हाय, वरनं येतंय. टाकी वाहती का साहेब?”

मी नाही म्हणालो.

“वाहते,” बायको म्हणाली. “दर पाण्याला वाहते.”

हे खरं होतं. आमच्याकडं नळाला पाणी आठ दिवसांनी येतं, कधी दहा. आलं की टाकी काठोकाठ भरून वरून चार धारा पडल्याशिवाय मोटर बंद करायला माझा हातच धजत नाही. तो आवाज ऐकला की पोटभर जेवल्यासारखं वाटतं. गल्लीत सगळ्यांचं असंच आहे, पण माझ्या टाकीचा पाइप नेमका देवघरावरच्या स्लॅबवर सुटलेला, आणि स्लॅबला चीर. चाचा वर जाऊन हे सगळं बघून आले. आधी पाइप वळवायचा, चीर बुजवायची, मग भिंत विटेपर्यंत खरवडून आठ-दहा दिवस वाळू द्यायची आणि मग रंग, असं त्यांनी सांगितलं. बायकोसमोर माझी चोरी पकडली गेल्यामुळं मी जरा घुश्शातच होतो. त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेलो तेव्हा एवढंच विचारलं की काम नवरात्राच्या आत पाहिजे, कधी येणार?

हेल्मेट घालता घालता ते म्हणाले, “तुमचा दसरा निघाला की येतो. फकस्त एक फोन करा.” आणि स्कूटर निघूनही गेली.

मी फाटकातच तापलो. नवरात्राच्या आत म्हणून मी दोनदा सांगितलं होतं आणि हा गृहस्थ दसरा झाल्यावर येणार. तेही ‘तुमचा’ दसरा. मुसलमान माणूस, तुमचा म्हणजे तुम्हा लोकांचा, असा अर्थ माझा मीच लावून टाकला आणि वर त्या ‘तुमचा’चा रागही धरला. पुन्हा विचारायचं मला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी मी विचारलं नसतं. बायकोला सांगितलं की त्यांना काही जमणार नाही. ती “बरं” म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

पुढं सहा दिवस मी गाव पालथं घातलं. त्या दिवसांत रंगवाला मिळणं महाकठीण, कारण नवरात्राच्या तोंडावर जो तो तुळजापुरात लॉजच्या आणि दुकानांच्या कामावर असतो. सहाव्या दिवशी एक मिळाला. त्याच्याकडं भिंत मोजायचं लाल ठिपक्याचं यंत्र होतं आणि दोन दिवसांत काम उरकायची तयारी होती. संध्याकाळी घरी येऊन मी बायकोला हे मोठ्या ऐटीत सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की ते चाचा नेमकं काय म्हणाले होते? मी त्यांच्या बोलण्याची नक्कल करून दाखवली.

ती माझ्याकडं बघत राहिली आणि मग हसायला लागली. इतकी हसली की तिला दोन्ही हातांनी गुडघा धरावा लागला. वर्षभरात तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. “अहो, दसरा निघाला की म्हंजे आपला दसरा काढून झाला की,” ती म्हणाली. “तुमचा म्हंजे ह्या घरचा. ते आपल्यासाठी थांबलेत.”

आमच्याकडं नवरात्राआधी घरातली चिंधी न् चिंधी धुवायची, डबे-भांडी घासायची, माळे रिकामे करून झाडायचे, याला दसरा काढणं म्हणतात. बायका एकमेकींना विचारतात, तुमचा निघाला का? रंगवाल्यांनाही तीच वेळ सोयीची, सामान एकदाच बाहेर निघतं आणि एकदाच आत लागतं. शब्द मला माहीत नव्हता असं नाही, जन्मापासून कानावर होता. पण त्या दिवसांत मी कायम स्टँडवर, तुळजापूरच्या जादा गाड्या सोडत उभा असायचो. माझ्या लेखी दसरा म्हणजे मला कधीच न मिळालेली सुट्टी. घरचा दसरा पस्तीस वर्षं कुणी काढला हा प्रश्नही मला कधी पडला नव्हता. आणि जन्मभर हिंदूंची देवघरं रंगवणाऱ्या या माणसाला माझ्या घरचा शब्द माझ्यापेक्षा जास्त कळत होता. मला मनापासून लाज वाटली.

यंत्रवाल्याला नको म्हणून कळवलं आणि चाचांना फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला. “म्या तर रोज फोनची वाट बघालालो साहेब,” ते म्हणाले. “म्हणलं भाबीचा गुडघा दुखतोय, दसरा निघायला वेळ लागत आसंल.” मधल्या दिवसांत तुळजापूरचं एका लॉजचं काम त्यांनी आमच्यासाठी सोडलं होतं. हे त्यांनी सांगितलं नाही, पुढं गिरणीवाल्याकडून कळलं. खरी हकीगत सांगायचा धीर मला झाला नाही. दसरा उद्या निघेल, एवढंच म्हणालो.

आणि मग मी दसरा काढला. बायको खुर्चीत बसून सांगायची आणि मी माळ्यावरून पातेली उतरवायचो. लोखंडी पेटी मला एकट्याला हलेना, ती दसरा निघायची वाट न बघताच आलेल्या चाचांनी एका बाजूनं धरली. गोधड्या गच्चीवर पायांनी तुडवून धुतल्या, तेव्हा शेजारणी आपापल्या गच्च्यांवर काहीतरी काम काढून उभ्या राहिल्या. मी एक डबा चुकीच्या फळीवर ठेवला की बायको म्हणायची, फलाट चुकला. दोन दिवस कंबर धरली होती, पण एवढं बरं मला निवृत्तीनंतर कधी वाटलं नव्हतं.

चाचांनी पहिल्याच दिवशी पाइप वळवला, चीर बुजवली, भिंत विटेपर्यंत खरवडून नवा गिलावा दिला. खोलीत दिवसभर पंखा लावून ठेवला. सकाळ-संध्याकाळ येऊन ते हाताची उलटी बाजू भिंतीला लावायचे आणि काही न बोलता जायचे. घट बसायला दोन दिवस उरले तेव्हा बोलले. “साहेब, रंग लागणार न्हाय. भिंतीला अजून पाच-सहा दिस पायजेत.”

ते पाच-सहा दिवस कुणी खाल्ले होते ते मला चांगलं ठाऊक होतं. तरी तोंडातून निघून गेलंच की दुसरा कुणीही लावून दिला असता. चाचा शांतपणे म्हणाले की लावतील की, गेल्या वर्षी लावलाच होता. मग त्यांनी तोड सुचवली. आत्ता फक्त चुन्याचा हात द्यायचा, चुन्यातून ओल बाहेर पडत राहते, आणि रंग दिवाळीनंतर. भिंत मात्र पांढरी फटक दिसणार आणि गिलाव्याचा जोड उठून दिसणार. मी बायकोकडं पाहिलं. तिनं रंगाचं काही विचारलंच नाही.

“खपली पडंल का?”

चाचांनी पुन्हा हात लावला. बराच वेळ लावून ठेवला. “न्हाय पडणार, भाबी. ही माझी जबान.”

“मग चुना लावा,” ती म्हणाली.

घट आमच्याच घरी बसला. काळी माती, त्यात पेरलेलं धान्य, वर माळ, शेजारी दिवा, आणि मागं ती साधी पांढरी भिंत. धाकट्या जावेनं रंग राहिला का म्हणून विचारलं, तर बायकोनं सांगितलं की राहिला नाही, आम्ही मुद्दाम ठेवलाय. पाचव्या माळेला दुपारी जेवणं झाली तरी आम्ही दोघंही आडवे झालो नाही. ती देवघरासमोर खुर्ची टाकून बसली आणि मी तिच्याजवळ पाटावर. 

तीनच्या सुमाराला स्कूटर वाजली. इकडं एक काम होतं म्हणून आलो, असं चाचा म्हणाले. काम कसलं होतं ते मी विचारलं नाही; पाचव्या माळेची गोष्ट बायकोनं त्यांना चुना लावताना सांगितली होती. उंबऱ्याशी थांबून, बायकोला विचारून ते आत गेले, दिव्याला वारा लागणार नाही अशा बेतानं हात भिंतीला लावला आणि बाहेर आले. “निवांत बसा,” एवढंच म्हणाले. चहा घेतला आणि गेले.

त्यांची स्कूटर कोपऱ्यावरून वळल्यावर बायको दिव्याकडं बघतच बोलायला लागली. “गेल्या वर्षी दिवा गेला तवा मला वाटलं, तुमच्यावर काहीतरी येतंय. वरीसभर तुम्ही जिना उतरलात तरी जीव वर-खाली व्हायचा. गुडघ्याचं ऑपरेशन निघालं तवा बरंच वाटलं मला. म्हणलं, माझ्यावर निभावलं.”

 टाकी मी वाहू दिली होती, खपली त्यानं पडली होती, आणि ही बाई वर्षभर माझ्याच जिवाला भीत, स्वतःच्या दुखण्याचं समाधान मानत बसली होती. मी उठलो आणि दिव्यात तेल घातलं. ज्योत जरा हलली आणि पुन्हा सरळ झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं. पाइप आता वळवलेला होता, टाकी वाहिली असती तरी भिंतीला काही झालं नसतं. मी गच्चीवर जाऊन टाकीशी उभा राहिलो आणि पाणी काठाच्या वीतभर खाली असतानाच खाली येऊन मोटर बंद केली.