शेतातल्या खोलीतला भडका
“अण्णा गॅस सोडून काडी शोधत बसले, मंग भडका उडणार न्हाई तर काय!” हुरड्याच्या आगटीजवळ केस करपल्याचा वास आला, की माझा मुलगा पाहुण्यांना माझ्याबद्दल आजही हेच ऐकवतो. हे धादांत खोटे आहे. वडीगोद्रीच्या शेतातल्या माझ्या पत्र्याच्या खोलीत एक गॅसचा ओव्हन होता; तो पेटायला उशीर लावी, म्हणून मी आधी काडी पेटवूनच गॅस सोडत असे. त्या सकाळी फाडकन आवाज झाला, निळी ज्वाळा तोंडावर आली आणि भुवया गेल्या. “बस झालं एकटं राहणं, चला जालन्याला!” म्हणत, सुनेला घेऊन धावत आलेल्या मुलाने माझे सामान बांधले. ओव्हनही न्यावा म्हणून त्यानेच बर्नरची नळी सोडवली, आणि सुनेच्या देखत नळीतून कुंभारमाशीचे मातीचे घर खाली पडले; गॅस अडवून तो ओव्हनमध्ये साचवणारे तेच होते.