यादवरावांची पावसाची कमिटी

यादवराव पिंपळकर अमरावतीला वारले, आणि ती बातमी मला अकोल्याला चांद्याहून आलेल्या पत्राने कळली. अमरावती ते अकोला एस.टी.ने तीन तासांचा रस्ता. तरी त्यांच्या घरून मला कोणी कळवलं नाही, आणि कळवावं असा माझा हक्कही उरला नव्हता. पत्र तायडे यांचं होतं. "सर गेले. तुम्हाला समजलंच असेल, तरी लिहितो." एवढंच. कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत मी ते दोनदा वाचलं. तारीख पाहिली तर बारावाही उलटून गेला होता. दुपारी एक केस होती, ती चालवली आणि घरी आलो. पत्नीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "जायचं आहे का?" मी म्हणालो, "आता जाऊन काय..." पण गेलो. जायला मला आणखी तीन आठवडे लागले.

यादवराव कॉलेजात भूगोल शिकवीत. अंगणात पर्जन्यमापक ठेवलेला, रोज सकाळी त्यातलं पाणी मोजायचं आणि वहीत लिहायचं, हा त्यांचा अनेक वर्षांचा नेम. वऱ्हाड मध्य प्रदेशात होता त्या काळात नागपूरच्या सरकारने पाऊस, जंगल आणि विहिरींच्या पाण्याबद्दल सल्ला देण्यासाठी एक समिती नेमली. लोक तिला पावसाची कमिटी म्हणत. दोन सरकारी अधिकारी, यादवराव, कायद्याची बाजू पाहायला मी, आणि विहिरींचं पाणी मोजण्याच्या कामावरचे तायडे, असे आम्ही पाच जण. पहिल्याच बैठकीत यादवरावांनी अध्यक्ष असलेल्या अधिकाऱ्यांना विचारलं, "साहेब, सरकारनं आपल्याले काहून बोलावलं? त्याले जे ऐकायचं आहे ते सांगायले, का आपल्याले जे दिसून राहिलं ते सांगायले?" साहेब हसून म्हणाले, "दोन्ही." यादवराव हसले नाहीत. त्यांनी तो प्रश्न आणि ते उत्तर बैठकीच्या टिपणात लिहून घ्यायला लावलं.

त्यांच्याबरोबर फिरलो ते दिवस मला अजून जसेच्या तसे आठवतात. परतवाड्याच्या वर, डोंगराच्या उतारावर, तोडलेल्या झाडांचे बुंधे पाहत आम्ही चालत असू. खालच्या गावातले म्हातारे सांगत की पूर्वी हा नाला होळीपर्यंत वाहायचा. पातूरकडच्या विहिरींत तायडे गाठी मारलेला दोर सोडीत आणि आकडा मोठ्याने सांगत. पुढे बौद्ध झालेल्या कुटुंबातला हा पहिला सरकारी नोकर. काही गावांत त्यांना विहिरीच्या काठावर उभं राहू द्यायलाही लोक खळखळ करीत. तिथे यादवराव स्वतः त्यांच्या शेजारी उभे राहत आणि दोर तायडे यांच्याच हातात ठेवीत. एकदा मी उत्साहाच्या भरात म्हणालो, की पाऊस दरवर्षी कमी होत चाललाय असं सरळ लिहून टाकू. यादवराव थांबले. "तसं म्हणू नका, वकीलसाहेब. तितक्या सालाचे आकडे आपल्यापाशी नाहीत. पडलेलं पाणी टिकून नाही राहिलं, एवढं दिसते. तेवढंच लिवा." लोक त्यांना हटवादी म्हणत. मला वाटतं, त्यांचा हट्ट फक्त दिसलं तेवढंच सांगण्याचा होता.

मग राज्यं बदलली. वऱ्हाड मुंबईला जोडला गेला, नागपूरच्या फायली कुठे गेल्या कोणाला ठाऊक नाही, आणि आमची कमिटी नव्या सचिवालयाला पत्रं पाठवून आपण आहोत की नाही हेच विचारीत बसली. त्या अनुभवातून यादवरावांच्या मनाने घेतलं की कमिटी कोणाच्या मर्जीवर जगता कामा नये. जठारपेठेतल्या माझ्या घरी, ओसरीवर बसून, आम्ही नियमांचा मसुदा केला. कमिटीचा सल्ला एक शब्दही न गाळता छापला जावा. तो मानायचा नसेल तर सरकारने कारण लेखी द्यावं. आणि सल्ला आवडला नाही म्हणून कोणा सभासदाला काढता येऊ नये, त्याच्या नोकरीला हात लावता येऊ नये. भाषा माझी होती, आग्रह त्यांचा. त्या दुपारी ते फार खूश होते. "हे झालं ना, तर आपण मेल्यावरही कमिटी बोलत राहील," म्हणाले.

महाराष्ट्र झाल्यावर अहवाल तयार झाला. त्यात परतवाड्यावरच्या उतारांवरची झाडतोड थांबवावी असा एक परिच्छेद होता. वरून तोंडी निरोप आला: तो परिच्छेद गाळा, नियमांचा आग्रह सोडा, मग कमिटी कायमची करू, कचेरी देऊ, कारकून देऊ. बैठक अकोल्यात झाली. मीच बोललो. म्हणालो, एका परिच्छेदापायी सगळी कमिटी बुडवण्यात शहाणपण नाही, आधी जगू, मग बोलू. "वकीलसाहेब, बोलायसाठीच तर जगायचं होतं," यादवराव एवढंच म्हणाले, आणि त्यांनी आपलं वेगळं मत लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर तायडे यांनी कागद स्वतःकडे ओढला. मी त्यांना हळूच म्हणालो, "तायडे, तुमची नोकरी आहे." ते म्हणाले, "साहेब, विहिरीत दोर मीच सोडला. आता नाही कसं म्हनू?" त्यांनी सही केली. माझी सही परिच्छेद गाळलेल्या अहवालावर झाली. त्या सुमाराला मला सरकारी वकील नेमण्याचं बोलणं चाललं होतं. मी तसं वागलो ते त्यामुळे नाही, असं मी स्वतःला फार वेळा सांगितलं आहे.

कमिटी नंतर कधीच बोलावली गेली नाही. कचेरी मिळाली नाही, कारकूनही नाही. तायडे यांची बदली चांद्याला झाली. मी सरकारी वकील झालो. यादवराव मला त्यानंतर एकदाच भेटले, अमरावतीच्या एका लग्नात. माझ्या मधुमेहाची चौकशी केली, मुलांचं विचारलं, पंगतीत शेजारी बसले. त्या गोष्टीचा शब्दही काढला नाही. काढला असता तर माझ्याजवळ उत्तर तयार होतं.

त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांच्या पत्नीने, सुमतीवहिनींनी, मला त्यांच्या खोलीत नेलं. टेबलावर कागदांचा एक गठ्ठा होता. त्या म्हणाल्या, "पहा, कमिटीचे आहेत." मी म्हणालो, कमिटी तर केव्हाच संपली. "तुमची संपली असंल. ते दरसाल लिहीत होते." खरंच, प्रत्येक वर्षाचा अहवाल होता. पाऊस, नाले, विहिरी, आणि सरकारला सल्ला. एक प्रत मुंबईला जाई, पोच कधी आली नाही. खाली यादवरावांची सही. तिच्याखाली तायडे यांची, दरवर्षी चांद्याहून टपालाने करून आणलेली. आणि तिच्याखाली यादवरावांच्या अक्षरात माझं नाव, पुढे मोकळी जागा.

"मला कधी पाठवले नाहीत," मी म्हणालो.

"मी म्हटलं होतं त्याईले. तर म्हणे, मागून घेतलेली सही सल्ल्याच्या कामाची नाही. त्याले वाटलं तर तो येईल."

मी खिशातलं पेन काढलं. वहिनींनी गठ्ठ्यावर हात ठेवला. आवाजात राग नव्हता.

"आता राहू द्या, भाऊजी. उद्या कोणी वाचलं तर त्याले समजलं पायजे, कोण होतं अन् कोण नव्हतं."

यंदाचा कागद अर्धाच होता. पातूरच्या विहिरींचे आकडे तायडे अजूनही तिथल्या ओळखीच्या माणसांकडून मागवून पाठवीत. यंदाचं पाकीट यादवराव गेल्यावर आलं होतं, न फोडता ठेवलेलं. वहिनींनी ते माझ्यापुढे सरकवलं. "तेवढे उतरवून द्या. तुमचं अक्षर चांगलं आहे." मी त्यांच्या खुर्चीवर बसलो नाही, बाजूचं स्टूल ओढलं. एकेका विहिरीचं नाव आणि पुढे पाण्याची खोली, असं सगळं नीट उतरवलं, दोनदा ताडून पाहिलं. शेवटची ओळ झाली तेव्हा खाली बरीच जागा उरली होती. ती तशीच ठेवून मी उठलो.