वहीतल्या फुल्या
परवा व्हायोलिनच्या गजाला लावायच्या राळेचा वास आला आणि पुसदमधली ती दुपार आठवली. हस्तलिखित स्वरलिपीच्या जुन्या वह्या शोधत मी एका दिवंगत वादकाच्या घरी गेले होते. त्यांच्या पत्नी तूर पाखडत होत्या. सूप बाजूला ठेवून त्यांनी ट्रंकेतून वही काढून दिली. पानांवर राळेची भुकटी, शाईने लिहिलेले स्वर आणि काही स्वरांवर पेन्सिलीच्या बारीक फुल्या होत्या. गज फिरवण्याच्या खुणा असणार, असं मी मोठ्या तोऱ्यात टिपून घेतलं. त्या हसल्या. "माह्या फुल्या व्हय त्या, पोरी. हे वाजवताना चुकले का मी मारो. तोंडानं सांगतलं त राग ये त्याईले; फुली दिसली का गुमान तेवढंच घोटत बसत." "काकू, तुम्हाला स्वर वाचता येतात?" "आयकू आयकू याले लागले." शेवटच्या आठ-दहा पानांवर मात्र एकही फुली नव्हती. "इथे चुकलेच नाहीत?" मी विचारलं. त्यांनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं. "लय चुकत. पण तवा हात कापे त्याईचा. मंग मी फुल्या मारनंच सोडून देल्लं." हल्ली कुठलीही जुनी वही हाती आली, की मी आधी कोरी राहिलेली जागा बघते.