भिंगापुरतं सोनं

माराकायबो शहरात शहाण्या माणसाने घरात पैसा ठेवू नये. बोलिव्हार हे इथलं चलन आठवड्यात मातीमोल होतं, आणि डॉलर आला रे आला की त्याचं पीठ होतं, तेल होतं. म्हणून निवृत्त भूगोल मास्तर उलिसेस उर्दानेता यांनी पुंजी ठेवली कुठे? कॉम्प्युटरच्या खेळात! चार महिने हा साठीचा गडी रोज दहा तास राक्षसी विंचू मारत बसला. विंचू मेला की खेळातलं थोडं सोनं मिळायचं, आणि कॅनडातली आळशी पोरं ते खरे डॉलर मोजून घ्यायची.

हवं होतं एक भिंग. बायकोच्या, ओमाइराच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. सरकारी दवाखान्यात एका डोळ्याचं ऑपरेशन फुकट. पण हातमोजे, चादर आणि डोळ्यात बसवायचं भिंग आपलं आपण न्यायचं. तारीख गुरुवारची. ती हुकली की वर्षभर विसरा.

सोमवारी गिऱ्हाईक ठरलं, सगळ्या सोन्याचे नव्वद डॉलर. आणि मेली वीज गेली! मंगळवारीही पत्ता नाही. मास्तरांनी सीमेपलीकडे कुकुताला गेलेल्या भाच्याला फोन लावला.

"विल्मेर, माझ्या नावाने तूच खेळात शीर, सोनं देऊन टाक."

"एवढंच ना मामा? झालं समजा."

इथे सगळे असंच करतात. वीज ज्याच्याकडे, खेळ त्याच्याकडे.

बुधवारी वीज आली, पाठोपाठ कंपनीचं पत्र. परक्या देशातून चोर शिरला असं वाटून त्यांनी खातं बंद केलं होतं. ओळखपत्र पाठवा, साठ दिवसांत कळवू. अरे भल्या माणसांनो, घरधन्यालाच चोर ठरवता? मास्तरांनी तीनदा विनवण्या केल्या, तीनदा तेच छापील उत्तर आलं. भांडायचं तरी कुणाशी?

ओमाइरा खुर्ची चाचपत मागे आली.

"म्हाताऱ्या, काय लिहिलंय रे? मला नुसता उजेड दिसतोय."

मास्तरांनी पहिली ओळ तेवढी वाचली. "तुमचं खातं सुरक्षित आहे."

"चिनीता माउली पावली! आणि मी मेली तुला विंचूमाऱ्या म्हणून चिडवत होते!" तिने त्यांच्या टकलावर ओठ टेकले. मग चाचपडत चादर नि हातमोजे पिशवीत भरले. "वर जागा ठेवलीय बघ, भिंगासाठी."

तिला मास्तरांचा चेहरा दिसत नव्हता, तेवढंच बरं होतं.