फालेसीचा ठोका

एनेलेसी म्हांगोच्या अंगणात, आंब्याखाली एक उखळ आहे. उखळाच्या दोन बाजूंना जमीन झिजून दोन उथळ खळगे पडलेत, दोन बायका उभ्या राहतील असे. एक एनेलेसीचा, दुसरा शेजारच्या फालेसीचा. तीस वर्षं दोघींनी तिथे समोरासमोर उभं राहून कसावा, म्हणजे पिठासाठी वाळवलेले कंद, कांडला. एकीचं मुसळ वर, तेव्हा दुसरीचं खाली. नवऱ्यांच्या तक्रारी, सुनांचे नखरे, सरोवरात मासळी का मिळत नाही याची चर्चा, सगळं त्याच उखळात कांडून निघायचं. तीस वर्षांत एकीचं मुसळ दुसरीच्या मुसळाला एकदाही लागलं नाही. ज्याला हे सोपं वाटतं त्याने एकदा नवख्या बाईसमोर उभं राहून कांडावं आणि मग आपली बोटं मोजून बघावीत.

लग्न झालेल्या बाईला आमच्या किनाऱ्यावर माहेरच्या कुळाने हाक मारतात. म्हणून फालेसी एनेलेसीला न्याम्हांगो म्हणायची आणि ही तिला न्याचिर्वा. भांडण झालं की मात्र थेट नाव.

एनेलेसी आरोग्य केंद्रात झाडलोट करायची. एका वर्षी शहराहून बोटीने गोंडवे सिस्टर आल्या, एक रबरी माणूस काखोटीला मारून. बुडालेल्याचा, बंद पडलेल्याचा श्वास परत कसा आणायचा ते शिकवायला. शिकायला जमलेल्या पुरुषांनी रबरी माणसाच्या छातीवर असे हात ठेवले, जणू तो उठून थोबाडीत मारणार आहे. सिस्टर वैतागल्या.

"अहो, झाडू ठेवा नि तुम्ही या इकडे. तुमचे दंड बघा केवढे!"

एनेलेसी गेली. छातीच्या मधोमध तळहाताची टाच, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ, तीन बोटं खोल दाब, आणि दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. तीस दाब, मग मान मागे करून, नाक चिमटून दोन फुंकरी. तिला एका खेपेत जमलं. राहता राहिला वेग. गावात घड्याळ कुणाकडे? तेवढ्यात मागच्या छपरीतून, रुग्णांच्या नातेवाईक बायकांच्या कांडण्याचा आवाज आला. सिस्टरांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. मिनिटाला एकशे दहा.

"ऐका! हाच वेग. कांडता तसं दाबायचं."

सगळ्यांना पटलं. कांडणं कुणाला शिकवायला लागतं का? एनेलेसी तर खूश होऊन घरी आली आणि फालेसीला म्हणाली, "न्याचिर्वा, आपण इतकी वर्षं डॉक्टरकीच करत होतो की गं!"

पुढच्या पावसाळ्याआधी फालेसीचा नवरा वाइसन बुडाला. होडी उलटली, लोकांनी त्याला भर दुपारी वाळूवर ओढून आणलं. नेहमीप्रमाणे दोघांनी पाय धरून त्याला उलटा लटकवला. पोटातलं पाणी निघालं की माणूस उठतो, अशी आमची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. एनेलेसीने दोघांना ढकलून दिलं. "खाली ठेवा त्याला! त्याला हवा पाहिजे, झोके नकोत!" बुडालेल्यासाठी सिस्टरांनी सांगितल्या तशा आधी पाच फुंकरी, मग दाब. जागा बरोबर, खोली बरोबर. समोर, वाइसनच्या पलीकडे, फालेसी डोक्यावर हात ठेवून उभी होती. एनेलेसी घामाने निथळेपर्यंत दाबत राहिली. वाइसन उठला नाही.

महिन्याने सिस्टर परत आल्या. प्रत्येकाला रबरी माणसावर बसवून त्या मोजू लागल्या. एनेलेसीचं झाल्यावर त्या घड्याळाकडे बघतच राहिल्या.

"पंचावन्न. न्याम्हांगो, तुम्ही मध्ये थांबता का?"

"थांबत नाही, सिस्टर."

"थांबता. एक दाब देता, पुढचा रिकामा सोडता. पुन्हा करा बरं."

तिने पुन्हा केलं, आणि या वेळी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. हात खाली जात होते, वर येत होते, आणि वरच थबकत होते. समोरच्या मुसळाची वाट बघत होते. सिस्टरांनी छपरीतून ऐकलेले एकशे दहा ठोके समोरासमोर कांडणाऱ्या दोघींचे होते. एकीच्या वाट्याचे निम्मेच. हे ना सिस्टरांच्या लक्षात आलं होतं, ना हिच्या. वाळूवर वाइसनच्या छातीवर तिने अर्धेच दाब दिले होते. उरलेले फालेसीसाठी सोडले होते.

घरी येऊन ती चुलीसमोर बसून राहिली. फालेसीला सांगायचं कसं? सांगितलं तर ती आपलं तोंडही बघणार नाही, ही भीती, आणि ही भीती वाटते याचीच शरम. दुसऱ्या दिवशी फालेसी मुसळ घेऊन आली आणि दोघी कांडू लागल्या. अशी चार वर्षं गेली. फालेसीचा प्रत्येक ठोका एनेलेसीला लागायचा आणि ती गप्प बसायची.

गप्प राहिली ती फक्त फालेसीपुढे. बाकी सगळ्या किनाऱ्याला तिने वेठीला धरलं. भुशाने भरलेलं पोतं म्हणजे मोठा माणूस, उशी म्हणजे सहा-सात वर्षांचं पोर, चिंध्यांचं गाठोडं म्हणजे तान्हं. पोराला एकच हात, आणि छातीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाइतका दाब. तान्ह्याला दोन बोटं, दोन्ही स्तनाग्रांच्या रेषेच्या जरा खाली. तान्ह्याची मान मागे टाकायची नाही, सरळ ठेवायची. तोंड आणि नाक मिळून आपल्या तोंडात घ्यायचं आणि फक्त गालात मावेल तेवढी फुंकर घालायची. आणि सगळ्यांना एकच ओरडणं: "दोघींचे ठोके एकटीने मारा! समोर कुणी नाही! कुणी नाहीये समोर!" बायका हसायच्या. म्हातारी होण्याआधीच चळली, म्हणायच्या.

मग ती दुपार आली. फालेसीची नात टेम्वा, आठ महिन्यांची. फालेसी ओट्यावर तिला सांभाळत उसिपा निवडत होती. मांजर मासळीवर आलं म्हणून ती उठली, मांजराला हाकलून परत आली, तर पोर धुण्याच्या टबात पालथी. फालेसीच्या किंचाळीने एनेलेसी धावली. तोवर शेजारच्या म्हाताऱ्याने पोरीचे पाय धरून तिला उलटी केलीच होती.

"द्या इकडे!"

तिने पोरीला उखळाजवळ सपाट जमिनीवर ठेवलं. ओठ निळे, अंग ढिलं, श्वास नाही. मान सरळ, पाच फुंकरी, दर फुंकरीला इवलीशी छाती वर आली. मग दोन बोटं. एक, दोन, तीन. आणि एनेलेसीला कळलं की बोटं थबकतायत. चार वर्षं जगाला शिकवलेलं तिचं स्वतःचंच शहाणपण गेलं होतं. तिने वर पाहिलं. समोर फालेसी उभी होती. आपल्या रोजच्या खळग्यात.

"फालेसी, पाठ फिरव!"

"काय?"

"पाठ फिरव म्हणते ना! तू समोर असलीस की माझा हात तुझ्यासाठी जागा सोडतो. वाइसनच्या वेळीही सोडली होती. अर्धेच दाब दिले मी त्याला. आता फिर!"

फालेसीने एक क्षण तिच्याकडे पाहिलं. मग ती सरोवराकडे तोंड करून मटकन खाली बसली.

एनेलेसीने दोघींचे ठोके एकटीने मारले. तीस आणि दोन, तीस आणि दोन. कितव्या खेपेला ते तिला पुढे कधी आठवलं नाही, पण पोर खोकली, पाणी ओकली, आणि तिने असा टाहो फोडला की म्हातारासुद्धा रडला. फालेसीने तिला उचललं आणि सुनेसोबत तडक आरोग्य केंद्र गाठलं. एनेलेसीशी ती एक शब्दही बोलली नाही.

नऊ दिवस उखळ रिकामं होतं. एनेलेसी मनाशी धरून चालली की संपलं. नातीच्या बदल्यात मैत्री गेली, तर ती तक्रार करणार नव्हती, पण रोज सकाळी तिचे कान त्या घराकडेच लागलेले असायचे.

दहाव्या दिवशी फालेसी मुसळ घेऊन आली. आपल्या खळग्यात उभी राहिली.

"चार वर्षं माझ्यासमोर कांडलंस आणि बोलली नाहीस."

"हिंमत झाली नाही गं."

"मी पण तिथेच उभी होते, न्याम्हांगो. तू जागा सोडलीस, आणि मी डोक्यावर हात ठेवून बघत बसले. तुझ्या रिकाम्या जागेत माझे हात यायला हवे होते." तिने डोळे पुसले. "सगळ्या गावाला शिकवलंस, मला एकटीला सोडून. आता शिकव."

त्यानंतर पोतं, उशी आणि गाठोडं घेऊन दोघी मिळून गावोगाव फिरल्या. एक दमली की दुसरी दाबायला बसायची, पण आळीपाळीने, आणि पूर्ण ठोक्यांनी. कोण जास्त दमते यावर भांडायच्या.

फालेसीला जाऊन तीन वर्षं झाली. झोपेतच गेली, सकाळी अंग गार होतं, दाबण्यासारखं काही उरलं नव्हतं. एनेलेसीची बोटं आता वाकडी झालीत. अंगणात पोतं घेऊन शिकवते ती टेम्वा, सतरा वर्षांची, एनेलेसीपेक्षाही मोठ्या आवाजात. एनेलेसी मात्र रोज थोडा कसावा कांडते, एकटीच. दुसऱ्या खळग्यात ती कुणाला उभं राहू देत नाही.

टेम्वा हिलाही आजीच म्हणते, अगोगो. परवा तिने विचारलं, "अगोगो, एकट्याच कांडताय तर भराभर कांडा ना. आम्हाला एवढं ओरडता आणि स्वतः मध्ये कशाला थांबता?"

एनेलेसीचं मुसळ वर होतं. तिने ते खाली येऊ दिलं, वर घेतलं, थोडा वेळ वरच धरलं.

"थांबत नाही गं," ती म्हणाली. "हा तुझ्या आजीचा ठोका आहे."