आप्पांनी उपटलेली झाडं

दुसऱ्याच्या बागेतलं केळीचं झाड मालकाला न विचारता उपटणारा माणूस आमच्या बहादरपुरात एकच होता, आप्पा. बांधावरून जाताना कोवळ्या पानावर पिवळे पट्टे दिसले की ते सरळ आत शिरत. हरण्या रोग मावा किडीमुळे एका झाडाचा दुसऱ्याला लागतो आणि त्यावर औषध नाही. आप्पा झाड मुळासकट काढत आणि शेताबाहेर खड्ड्यात पुरत. मालक शिव्या देत यायचा. "दे, अजून दे," आप्पा हात झटकत म्हणायचे, "पन एकाची कीव केली त पूरी बाग जाते, भो." माझ्याही बागेवर त्यांनी असाच हात साफ केला होता. मी चार दिवस अबोला धरला आणि बाग वाचल्यावर त्यांच्याच ओट्यावर चहा प्यायलो.

मग त्यांचा खोकला सुरू झाला. थुंकीत रक्त आलं. बुऱ्हाणपूरच्या डॉक्टरांनी टीबी सांगितला, गोळ्या दिल्या, नेमाने घेतल्या तर बरे व्हाल म्हणाले. आप्पा घरी आले ते गोधडी उचलून शेतातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत राहायला गेले. घरात दोन लहान नातवंडं होती. सूनबाई डबा बांधावर ठेवून मागे व्हायची, मगच ते उचलत. गोळ्यांना त्यांनी हात लावला नाही.

मी आणि त्यांचा मुलगा गजानन गाडी घेऊन गेलो. आप्पा दारात कुदळ आडवी धरून उभे राहिले.

"तिथूनच बोला."

"आप्पा, याला औषध आहे," मी म्हणालो.

"फवारनीनं मावा मरतो. झाड बरं होते का?"

"तुम्ही केळ नाही, आप्पा!"

"मंग काय हाये?" ते हसले आणि हसता हसता खोकू लागले. "पोरांले सांभाळ, गजा."

मला त्यांचा राग आला, अजूनही येतो. इतका शहाणा माणूस, पण या एका बाबतीत कुणाचं म्हणून ऐकलं नाही. थंडीतल्या एका सकाळी बांधावरचा डबा तसाच राहिला.

पुढच्या लावणीत गजाननच्या बागेत हरण्या दिसला. एकच झाड होतं. मी म्हणालो, "उपट." तो झाडापाशी उकिडवा बसला आणि पानावरून हात फिरवत राहिला.

"आप्पाले बाहेर ठेवलं न, दादा. आता कोनालेच नाही ठेवत."

मी कुदळ उचलली. त्याने माझा हात धरला. दसऱ्यापर्यंत सगळी बाग पिवळी पडली होती.